15 किलोंत बसवलेलं डायव्हिंगचं सामान

डायव्हिंगचं स्वतःचं सामान घेऊन विमानाने जायची ही माझी पहिलीच वेळ होती. आधीच्या साठेक डाइव्हपैकी निम्म्या भाड्याच्या सामानावर झाल्या, निम्म्या गाडीच्या डिकीत सगळं भरून नेऊन. डिकीत वजनाचा प्रश्न येत नाही. यंदा फेब्रुवारीत आठ दिवस एका बेटावर डायव्हिंगला जायचं ठरलं, तिकिटं काढली आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचताना पोटात गोळा आला. विमानं दोन होती. पहिल्यात 23 किलो सामान आणि हातात 7 किलो चालणार होतं. दुसरं छोटं, पंख्याचं विमान. त्यात 15 किलो आणि हातात 5. म्हणजे माझ्यासाठी खरा आकडा 15 आणि 5 हाच. मोठ्या विमानातल्या 23 किलोंचा काही उपयोग नव्हता.

काय काय न्यायचं याच्या याद्या कुठेही मिळतात. मला अडचण वेगळीच होती: कुठलं काम आधी करायचं, कशाला किती दिवस लागतात, आणि वजन नेमकं कशातून कमी करायचं. ते सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

3 जानेवारीला, निघायच्या सहा आठवडे आधी, जमिनीवर चादर पसरून त्यावर सगळं सामान मांडलं आणि बॅगा तोलायच्या टांगत्या काट्यावर एकेक वस्तू लावली. हवा भरायचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, 3.6 किलो. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडात आणणारं यंत्र, त्याचा पूर्ण संच, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजसकट, 2.7. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, 2.2, रबरी तळव्याचे बूट 1 किलो. 5 मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, 2.4. मास्क डबीसकट 600 ग्रॅम, दोन टॉर्च सेलसकट 700, पृष्ठभागावर सोडायचा फुगा, म्हणजे एसएमबी, रीलसकट 700. सुट्या भागांची पेटी 500, डाइव्ह कॉम्प्युटर आणि त्याचा चार्जर 200, चाकू 200. शेवटी सहज म्हणून रिकामी बॅग काट्याला अडकवली: 4.1 किलो. बेरीज 18.9 आली आणि त्यात अजून एकही कपडा नव्हता.

सिलिंडर आणि पाण्यात खाली जायला लागणारी शिशाची वजनं यात धरलेली नाहीत, कारण ती सहसा कुणी नेत नाही. 11 लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर एकटाच चौदा-पंधरा किलोंचा असतो, आणि दाबाने हवा भरलेला सिलिंडर विमानात चालतही नाही. या दोन्ही गोष्टी डाइव्ह सेंटरवरच मिळतात.

पहिला विचार आला तो जड वस्तू घरी ठेवून तिथे भाड्याने घ्यायचा. मी एकेका वस्तूसमोर बसून स्वतःला एकच प्रश्न विचारला: ही वस्तू दुसऱ्याची असेल, तर पाण्याखाली माझं लक्ष तिच्याकडे जाईल का? मास्कबद्दल विचार करायचीही गरज नव्हती. माझा नंबर उणे साडेचार आहे, मास्कला त्या नंबरच्या काचा बसवलेल्या आहेत. तो हरवला तर मला मासाही दिसणार नाही आणि गेजवरचा आकडाही. कॉम्प्युटरचं तसंच. आधीच्या डाइव्हमधून अंगात किती नायट्रोजन उरला आहे याचा हिशेब तो ठेवतो, तो मनगट बदलून चालत नाही, आणि अनोळखी कॉम्प्युटरची बटणं मला 20 मीटरवर शिकायची नाहीत. रेग्युलेटर तर श्वासच. जॅकेटबद्दल मात्र दोन दिवस घोळत राहिले. सहा दिवसांचं त्याचं भाडं, दोन्ही वेळच्या जादा वजनाच्या शुल्कापेक्षा कमी पडत होतं. पण माझ्या जॅकेटचा हवा सोडायचा दोरा उजव्या खांद्यावर नेमका कुठे आहे हे माझ्या हाताला न बघता माहीत आहे. वर येताना घ्यायच्या सुरक्षा-थांब्याला 5 मीटरवर स्थिर राहताना हीच गोष्ट कामाला येते. जॅकेट यादीत राहिलं.

मग कमी काय करायचं? उत्तर काट्यावरच होतं. सगळ्यांत जड वस्तू चाकांची बॅग होती आणि तिचा पाण्यात काहीच उपयोग नव्हता. तिच्या जागी जाड ताडपत्रीसारख्या कापडाची, बिनचाकांची डफल बॅग घेतली: 1.4 किलो. एका फटक्यात 2.7 किलो वाचले. स्वतःच्या सामानात कपात करायच्या आधी रिकामी बॅग तोलून बघा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते.

5 जानेवारीला डाइव्ह सेंटरला ईमेल केला. त्यात पाचच प्रश्न होते: सिलिंडरचा व्हॉल्व्ह डिन पद्धतीचा की योक? पाणी किती अंश असेल? वजनं पट्ट्यावर मिळतात की जॅकेटच्या खिशात घालायची? सामान वाळवायला सावलीची जागा आहे का? आणि वैद्यकीय फॉर्म लागतो का? दोन दिवसांनी उत्तर आलं. व्हॉल्व्ह योक, पाणी 27 ते 28 अंश, वजनं दोन्ही प्रकारे, वाळवायला छप्पर आहे, फॉर्म लागतोच.

या उत्तरातून दोन निर्णय झाले. 28 अंशांच्या पाण्यात मला 5 मिलिमीटरचा सूट नको होता, 3 मिलिमीटरचा पुरेसा होता, तो 1.5 किलोंचा, म्हणजे आणखी 900 ग्रॅम कमी. शिवाय पातळ सूट कमी तरंगतो, म्हणून कमरेला शिसंही कमी लागतं. दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. माझा रेग्युलेटर डिन पद्धतीचा आहे, म्हणजे त्याचा फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडायचा भाग) सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसतो. योकमध्ये तो वरून शिकंज्यासारखा आवळतात. डिनच्या रेग्युलेटरवर बसणारा योकचा ॲडॉप्टर मिळतो, तो मागवला. हा प्रश्न न विचारता गेले असते, तर स्वतःचा रेग्युलेटर खोलीत टांगून भाड्याचा तोंडात धरावा लागला असता.

6 जानेवारीला रेग्युलेटर सर्व्हिसला दिला. मागच्या सर्व्हिसला चौदा महिने झाले होते. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा शंभर डाइव्हनंतर असं सांगतात, काहींची मुदत दोन वर्षांची असते, आपापल्या पुस्तिकेत बघावं. आठवड्यात मिळेल म्हणाले होते. माझ्या मॉडेलच्या ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, आणि सीटचा संच बाहेरून यायचा होता, त्यामुळे सोळा दिवस गेले. बिलात मजुरी आणि सुटे भाग वेगवेगळे लागतात. आकडा विचारताना दोन्ही मिळून विचारावा, मी फक्त मजुरी विचारली होती.

परत घ्यायला गेले तेव्हा तंत्रज्ञ सरांनी मला थांबवून घेतलं. “हे बघा,” म्हणाले, आणि गेजच्या होजवरची, म्हणजे हवेच्या नळीवरची, रबरी टोपी त्यांनी अंगठ्याने मागे सरकवली. खाली, जिथे होज धातूच्या जोडात शिरतो तिथे, केसासारख्या बारीक भेगा होत्या, आणि जोडाच्या कडेला हिरवट पांढरा मिठाचा थर. वरून होज अगदी नव्यासारखा दिसत होता. “टोपी लावली की होज जपला जातो असं वाटतं. पण पाणी तिच्याच आत साठतं. दर वेळी धुताना टोपी सरकवत जा.” होज बदलला. मी घरी येऊन बाकीच्या टोप्या सरकवून पाहिल्या. नशिबाने बाकीचे ठीक होते.

दरम्यान वैद्यकीय फॉर्म. 2020 मध्ये सुधारलेली ही प्रश्नावली आता बऱ्याच ठिकाणी चालते. पहिल्या पानावरच्या काही प्रश्नांना ‘हो’ आलं की पुढच्या पानावरची चौकट भरायची, आणि त्यातही कुठे ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते. मी 47 वर्षांची आहे. वय 45 च्या वर असल्याने मला पुढच्या चौकटीत जावं लागलं, आणि तिथे कोलेस्टेरॉलचा प्रश्न होता. माझं वाढलेलं आहे, गोळी चालू आहे. म्हणजे सही हवीच. क्षणभर मनात आलं की ‘नाही’ वर खूण करून मोकळं व्हावं. पण हा कागद डाइव्ह सेंटरसाठी नसतो, माझ्यासाठी असतो. पाण्याखाली छातीत दुखलं तर तिथे कुठली खूण उपयोगी पडणार? 12 जानेवारीला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी याआधी असा फॉर्म पाहिला नव्हता, म्हणून डॉक्टरांसाठीची सूचनांची पानंही छापून सोबत नेली होती, ती त्यांना फार उपयोगी पडली. ईसीजी आणि रक्ततपासणी सांगितली. 17 तारखेला अहवाल बघून सही दिली. हे शेवटच्या आठवड्यावर टाकलं असतं तर झोप उडाली असती. सही झाल्याझाल्या दोन प्रती काढल्या आणि मोबाइलमध्ये फोटो घेतला.

विम्याचे कागदही त्याच दिवशी वाचले. माझ्या नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग एका ठरावीक खोलीपर्यंतच धरलेलं होतं, म्हणून डायव्हिंगचा वेगळा विमा काढला, ज्यात दाबकक्षातल्या (जास्त दाबाची हवा असलेल्या बंद खोलीतल्या) उपचारांचा खर्च येतो. विम्याच्या कागदात ‘स्कूबा’ आणि ‘मीटर’ हे दोन शब्द शोधले की बाकीचं आपोआप उलगडतं.

सगळ्यांत जास्त पत्रव्यवहार टॉर्चवरून झाला. पाण्याखालचे मोठे टॉर्च हवेत चुकून चालू राहिले तर इतके तापतात की आग लागू शकते, म्हणून विमान कंपन्या त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात आणि परवानगी मागायला सांगतात. लिथियम बॅटऱ्यांचे नियमही वेगळे आहेत: सुटे सेल आणि पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, विमानाच्या पोटातल्या सामानात कधीच नाही. क्षमता 100 वॉट-तासांच्या आत असेल तर साधारण अडचण येत नाही, 100 ते 160 च्या मध्ये असेल तर कंपनीची मंजुरी लागते. वॉट-तास सेलवर लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करायचा. माझा सेल 3.6 व्होल्टचा, 5 अँपिअर-तासांचा. म्हणजे 18 वॉट-तास. मी 7 जानेवारीला दोन्ही कंपन्यांना टॉर्चचा फोटो, सेलवरच्या आकड्यांचा फोटो आणि ‘सेल टॉर्चमधून काढून, स्वतंत्र डबीत ठेवून हातात नेणार’ असं एक वाक्य लिहून पाठवलं. एका कंपनीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. दुसरीकडून काहीच नाही. 14 ला पुन्हा लिहिलं, 19 ला होकार आला. दोन्ही उत्तरं छापून घेतली. पुढे तो कागद खरोखर कामाला आला.

1 फेब्रुवारीला मी जे केलं, ते या सगळ्या तयारीतलं सर्वांत मोलाचं काम ठरलं. माझी मैत्रीण, जी पाण्यातली माझी बडी, म्हणजे जोडीदारही आहे, तिने ते सुचवलं. “बॅग पूर्ण भर आणि तशीच पोहण्याच्या तलावावर घेऊन ये. बॅगेतून जे निघेल तेवढंच वापरून पाण्यात उतरायचं. घरून काही आणून देणार नाही.” सिलिंडर आणि वजनं तिने आणली.

बॅगेतून एकेक वस्तू काढून चढवत गेले. सूट, बूट, जॅकेट. जॅकेटमध्ये वजनं सरकवायला गेले तर डावा खिसा मोकळा. वजनं ज्यात घालून जॅकेटमध्ये अडकवतात ती सुटी पिशवी एकच होती. दुसरी मागच्या ट्रिपनंतर वाळत घातली होती, ती घरी खिडकीच्या गजालाच अडकलेली. चादरीवर सगळं मांडलं तेव्हा जॅकेट दिसत होतं, पिशवी त्याच्या पोटात असेल असं मी धरून चालले होते. यादीवर ‘जॅकेट’ या शब्दापुढे खूण झाली की त्याचे सुटे भाग नजरेआड होतात. त्या दिवसापासून माझ्या यादीत जॅकेट एका ओळीत नाही. ‘जॅकेट, डावी पिशवी, उजवी पिशवी’ अशा तीन ओळी आहेत. टॉर्चपुढे सेल, चार्जर, मनगटाची दोरी. फिन्सपुढे दोन पट्टे.

तलावात आणखी एक गोष्ट बघून घेतली. सर्व्हिसहून आलेला रेग्युलेटर पहिल्यांदा समुद्रात वापरू नये असं शिकवलेलं होतं, ते किती खरं ते तिथे पटलं. ऑक्टोपस, म्हणजे बडीसाठीचा जादा सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), पाण्यात तोंड वर करून धरला की थांबतच नव्हता, हवा सोडत राहायचा. थोडंफार तसं होतं, तोंड खाली केलं की थांबतं, हा थांबेना. पुन्हा दुकानात दिला. त्यांनी काहीही न घेता दोन दिवसांत जुळवून दिला. दोन आठवडे हाताशी होते म्हणून ते जमलं.

14 फेब्रुवारीला अखेरची बॅग भरली. हातातल्या बॅगेत रेग्युलेटर, मास्क, कॉम्प्युटर, टॉर्च, सेल, कागदपत्रं, पोहण्याचे कपडे: 4.9 किलो. मोठ्या बॅगेत बाकीचं. भरायची पद्धत दोन-तीनदा मोडून बसवावी लागली. शेवटी जमलं ते असं: फिन्स बॅगेच्या दोन्ही लांब बाजूंना उभ्या, भिंतींसारख्या. त्यांच्या पावलाच्या पोकळीत मोजे आणि छोटे कपडे, म्हणजे रबर दबून वाकडं होत नाही. तळाशी वेटसूट, घडी न घालता सैल गुंडाळून. निओप्रीनवर, म्हणजे सूटच्या रबरावर, करकरीत घडी पडली की तिथली जाडी कायमची दबते. त्यावर जॅकेट पाठ खाली करून. बूट कोपऱ्यात. चाकू, ॲलन की, छोटा पाना आणि सुट्या भागांची पेटी मोठ्या बॅगेतच, कारण हातात त्या चालणार नाहीत. बॅग 13.7 किलो भरली. उरलेले 1.3 किलो मी मुद्दाम मोकळे ठेवले, परतीच्या ओलाव्यासाठी.

रेग्युलेटरचे होज मोठ्या गोलाकारात ठेवायचे, जोडाजवळ काटकोनात वाकवायचे नाहीत. फर्स्ट स्टेजची धूळ-टोपी आधी फडक्याने कोरडी करून मग घट्ट लावायची. सेकंड स्टेज दोन टी-शर्टांच्या मध्ये. टॉर्चचं झाकण मी अर्धा आटा सैल ठेवलं, आणि मोबाइल ठेवायच्या जलरोधक डबीची मुख्य ओ-रिंगच काढून ठेवली. विमानात वर हवेचा दाब कमी असतो. तेव्हा डबीतली हवा ओ-रिंगमधून हळूच बाहेर सुटते आणि खाली उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण असं आवळून धरतो की ते उघडता उघडत नाही. सामानाचे आणि रेग्युलेटर-कॉम्प्युटरच्या क्रमांकांचे फोटो, खरेदीची बिलं हेही मोबाइलमध्ये ठेवलं. कस्टममध्ये ‘हे नवं घेतलंय का’ असं विचारलं तर दाखवायला.

16 फेब्रुवारी. सुरक्षा तपासणीत हातातली बॅग बाजूला काढली जाणार हे गृहीत धरून अर्धा तास जादा ठेवला होता. क्ष-किरणात रेग्युलेटर म्हणजे धातूचा गोळा आणि त्याला फुटलेल्या नळ्या असा दिसतो. तपासणीच्या बाईंनी विचारलं, “यात काय आहे?” मी सांगितलं, “मॅडम, पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे. सिलिंडर सोबत नाही.” रेग्युलेटर सगळ्यांत वर होता, चेन उघडली की लगेच दिसत होता. तीन मिनिटांत सुटले. टॉर्च आणि सेलच्या डबीवरही प्रश्न आला, तेव्हा कंपनीचं पत्र पुढे केलं.

खरी कसोटी छोट्या विमानापाशी लागली. काउंटरवर हातातली बॅग 5 किलोंच्या आत भरली, पण विमानाच्या शिडीपाशी कर्मचाऱ्याने सगळ्यांच्याच पाठीवरच्या बॅगा मागितल्या. आत डोक्यावरची जागा फारच अरुंद होती, बॅगा मागच्या कप्प्यात जाणार होत्या. अशा वेळी बॅगेतले सुटे लिथियम सेल काढून स्वतःजवळ ठेवावे लागतात, नियमच तसा आहे. मैत्रिणीने मला हे आधीच बजावलं होतं, म्हणून मी बॅगेच्या आत एक छोटी थैली वेगळी केली होती: सेल, पॉवर बँक, मास्क, कॉम्प्युटर. ती उचलून मांडीवर घेतली आणि बॅग दिली. मागे रांग लागलेली असताना चेन उघडून शोधत बसावं लागलं नाही. रेग्युलेटर मात्र हातातून गेला. पन्नास मिनिटांच्या त्या उड्डाणात माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं.

दोन्ही बॅगा आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरवर ॲडॉप्टर चढवून रेग्युलेटर सिलिंडरला लावला, हवा हळूहळू उघडली आणि ऐकलं: अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढा ‘स्स्स’. हात फिरवून कळेना. तिथल्या इन्स्ट्रक्टरने संच धुण्याच्या टाकीत बुडवला. गेज जिथे होजला जोडतात तिथून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, अगदी शिस्तीत, वर येत होते. आत काडीपेटीच्या काडीपेक्षाही आखूड अशी धातूची फिरती नळी असते, तिच्या दोन टोकांना दोन इवल्याशा ओ-रिंग. त्यातली एक चेपली होती. माझ्या पेटीत ती नळी ओ-रिंगसकट होती. सर्व्हिसच्या वेळी तंत्रज्ञ सरांनीच ‘ही ठेवा’ म्हणून दिली होती. हवा बंद केली, संचातला दाब सोडला, पाना लावला, जुनी काढून नवी सरकवली. दहा मिनिटांत बोट सुटायच्या आत तयार. त्या पेटीत बाकी होतं ते असं: चार मापांच्या ओ-रिंग, एक माउथपीस, प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या, मास्कचा आणि फिनचा एकेक पट्टा, सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी. सगळं मिळून अर्धा किलो. मास्कचा पट्टा पाचव्या दिवशी बोटीवरच्या दुसऱ्या एका बाईंच्या उपयोगी पडला.

डाइव्हबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. थेट परतीवर येते.

परतीचं विमान 24 फेब्रुवारीला दुपारी दीडला होतं. विमानात केबिनमधला दाब साधारण 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा उतरू शकतो, आणि अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असताना तिथे जाणं धोक्याचं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे: वर येताना नायट्रोजन सोडण्यासाठी सक्तीचा थांबा न लागणारी एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक दिवस किंवा दिवसात अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास, आणि असे सक्तीचे थांबे घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर 18 हून बरेच जास्त. मी 23 तारखेची शेवटची डाइव्ह सकाळी 11 ला संपवली. मध्ये साडेसव्वीस तास. दुपारच्या बोटीत एक जागा रिकामी होती आणि मन फार झालं, पण नाही गेले.

हे तास सामान वाळवायचेही असतात, हे तिकीट काढतानाच लक्षात घ्यावं. गोड्या पाण्यात सगळं अर्धा तास भिजवलं. रेग्युलेटर भिजवताना धूळ-टोपी घट्ट आणि पर्ज बटण (हवा जोराने सोडायचं) दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. होजच्या टोप्या सरकवून धुतल्या. जॅकेटमध्ये तोंडाच्या नळीतून गोडं पाणी भरलं, हलवलं, उलटं धरून सोडलं, असं तीनदा. पहिल्यांदा निघालेलं पाणी चाखून पाहिलं तर खारट होतं, तिसऱ्यांदा नव्हतं. मग थोडी हवा भरून, नळी खाली लोंबती ठेवून सावलीत टांगलं. वेटसूट आधी उलटा करून, रुंद खांद्याच्या हँगरवर. उन्हात काहीच नाही. ऊन रबराला आणि निओप्रीनला खातं. संध्याकाळी सूट सुलटा केला, रात्री जॅकेटमधलं उरलेलं पाणी पुन्हा एकदा काढलं.

सकाळी बूट सोडून बहुतेक सगळं कोरडं होतं. बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून बॅगेत घातले. काट्यावर 14.6. मोकळे ठेवलेल्या 1.3 किलोंपैकी 900 ग्रॅम वापरले गेले. बूट, जॅकेटच्या अस्तरातला ओलावा आणि काही ओले कपडे, सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं.

घरी रात्री अकराला पोचले. झोप डोळ्यांवर होती तरी बॅग उघडूनच निजले. बंद बॅगेत राहिलेल्या ओल्या निओप्रीनचा वास महिनोन्महिने जात नाही. रेग्युलेटर मोठ्या गोलाकारात टांगला, त्याच्या होजला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली आणि त्यावर सर्व्हिसची तारीख आणि ‘या खेपेला 14 डाइव्ह’ असं लिहिलं. वजनाच्या दोन्ही पिशव्या जॅकेटमध्ये अडकवून ठेवल्या. बूट वाळायला आणखी दोन दिवस लागले.